आधी अंग धुवा, मग लाजा : कोरियातल्या सार्वजनिक स्नानगृहात पहिल्यांदा जाताना

कोरियाला निघालेल्या कुणालाही मी "एकदा तरी मोग्योकथांगला जाऊन या" असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "म्हणजे... सगळ्यांसमोर? काहीच न घालता?"

हो, काहीच न घालता. टॉवेल गुंडाळून नाही आणि पोहण्याचा पोशाख घालूनही नाही. बायका बायकांच्या दालनात, पुरुष पुरुषांच्या, आणि आत सगळे जन्माला आले तसे.

माझी पहिली खेप बुसानमध्ये झाली, कामानिमित्त तीन आठवडे तिथे होते तेव्हा. आदल्या दोन रात्री मी फक्त कपड्यांचाच विचार करत होते. प्रत्यक्षात मला ओरडा बसला तो केसांवरून. मोकळे केस घेऊन मी मजेत गरम पाण्याच्या कुंडात उतरले आणि पलीकडे बसलेल्या आजींनी माझ्याकडे बघून स्वतःच्या डोक्यावर बोट फिरवत जे काही सुनावलं, त्यातला एक शब्दही कळला नाही, पण अर्थ पूर्ण पोचला. मी नागडी आहे याचं तिथे कुणालाच काही नव्हतं. माझे केस सगळ्यांच्या पाण्यात पसरले, याचं होतं.

तेव्हा लाजेची तयारी करू नका. ती पाच मिनिटांत आपोआप गळते. क्रमाची तयारी करा. कुठे बूट काढायचे, कधी धुवायचं, कधी बुडायचं, कधी घासायचं, हा क्रम पाळला की परका माणूस तिथे डोळ्यात खुपत नाही.

कुठे जायचं

कोरियात दोन प्रकारच्या जागा भेटतील. एक मोग्योकथांग, म्हणजे वस्तीतलं साधं सार्वजनिक स्नानगृह. पाटीवर वाडगा आणि त्यातून निघणाऱ्या वाफेच्या तीन रेघा असं चिन्ह असतं. जुन्या वस्त्यांत विटांची उंच चिमणी दिसली तरी ओळखावं. इथे अंघोळ करायची आणि घरी जायचं. दुसरं चिमजिलबांग. हे १९९० च्या दशकात फोफावलेलं रूप. खाली तशीच स्नानगृहं, पण वर किंवा शेजारी स्त्री-पुरुषांनी एकत्र बसायचा मोठा हॉल, त्याभोवती वेगवेगळ्या तापमानाच्या खोल्या, खाण्याची सोय, लोळायला चटया. तिथे घालायला सुती टी-शर्ट आणि अर्धी चड्डी मिळते. मुलाबाळांसकट अख्खं कुटुंब अर्धा दिवस तिथे काढतं.

पहिल्यांदा जाणाऱ्याने मोठ्या चिमजिलबांगला जावं, असं माझं मत आहे. तिथे परदेशी माणसाची सवय असते आणि पाट्यांवर थोडंफार इंग्रजी असतं. वस्तीतलं छोटं मोग्योकथांग दुसऱ्या खेपेला ठेवा. खरी मजा तिथेच आहे, पण तिथे तुम्हाला कुणी काही समजावून सांगत नाही.

खास पाण्यासाठी जायचं असेल तर बुसानचा डोंगने भाग जुन्या उष्णोदकाच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. मेट्रोच्या पहिल्या मार्गावर ओन्चोनजांग स्टेशनला उतरायचं. तिथलं होशिमचोंग नावाचं स्नानगृह एवढं मोठं आहे की पहिल्या दहा मिनिटांत आपला लॉकर कुठे होता हे विसरायला होतं. सेऊलहून जवळचं हवं असेल तर आसान शहरातलं ओन्यांग. राजा सेजोंग, ज्याच्या काळात कोरियन लिपी तयार झाली तो, १४३३ साली आपल्या दुखण्यावर उपाय म्हणून या झऱ्यांवर येऊन राहिला होता. आज सेऊल मेट्रोचा पहिला मार्गच ओन्यांगओन्चोन स्टेशनापर्यंत जातो. आपल्याकडे वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांवर संधिवाताची माणसं येतात, तसाच हा विश्वास. फरक एवढाच की तिथे कुंडाशेजारी साबण लावून कुणी बसलं तर त्याला उठवतात.

वेळ कुठली? कामाच्या दिवशी सकाळी दहानंतर किंवा दुपारी. रविवारी सकाळी जाऊ नका. सोल्लाल म्हणजे चांद्र नववर्ष आणि छुसोक, म्हणजे शरदातला सुगीचा सण, या दोन सणांच्या आदल्या दिवसांत तर अजिबात नको. सणाआधी अंगावरचा जुना मळ काढायची तिथे पद्धत आहे आणि अख्खा देश त्या दिवशी घासून घेत असतो. दिवाळीच्या पहाटे आपल्या घरातल्या एकुलत्या एक बाथरूमसमोर जी रांग लागते, तिला शंभराने गुणा.

पिशवीत काय

वस्तीतल्या स्नानगृहाचं तिकीट साधारण ८ ते १२ हजार वोन, चिमजिलबांगचं १२ ते २० हजार. हजार वोन म्हणजे साठेक रुपये धरा. दर जागेनुसार बदलतात आणि रात्री वाढतात. थोडी रोख रक्कम जवळ ठेवा, आत अंग घासून देणाऱ्या बाईला बऱ्याच ठिकाणी रोखच लागते.

टॉवेल तिथे मिळतो, पण कोरियन टॉवेल हा आपल्या पंचाच्या निम्मा असतो. अंगाला गुंडाळायचं त्याच्या मनातही नसतं. पुरुषांना हवे तितके घेता येतात. बायकांना बऱ्याच जागी दोनच मोजून देतात आणि यावर तिथल्या बायका बरोबर चिडतात. लांब केस असतील तर आपला एक जास्तीचा न्या. साबण बहुतेक ठिकाणी असतो, शाम्पूची खात्री नाही. कंगवा, केस बांधायला रबर, अंगाला लावायचं लोशन आणि पाण्याची बाटली. बास.

घरीच ठेवायच्या गोष्टी जास्त महत्त्वाच्या आहेत. मंगळसूत्र, बांगड्या, साखळ्या, कानातलं. गरम खोलीत धातू तापतो आणि चटका बसतो. कमरेला करदोडा असेल आणि त्यात चांदी असेल तर तोही उतरवा. कॉन्टॅक्ट लेन्स काढून या. आदल्या दिवशी वॅक्सिंग किंवा दाढी-बिढी केलेली त्वचा घासायला देऊ नका. का, ते पुढे कळेल.

दारापासून लॉकरपर्यंत

आत शिरल्या शिरल्या पायरीपाशीच बूट-चपला काढायच्या. तिथे छोट्या कप्प्यांची भिंत असते. कप्प्यात बूट ठेवा, चावी घ्या. काउंटरवर पैसे द्या. काही ठिकाणी बुटांची चावी देऊन मोठ्या लॉकरची चावी घ्यायची असते, काही ठिकाणी दोन्हींना एकच क्रमांक असतो. ही चावी लवचीक पट्ट्यावर असते. मनगटात किंवा घोट्यात घाला आणि बाहेर पडेपर्यंत काढू नका. मोठ्या जागांत आत जे खाल-प्याल ते याच क्रमांकावर लिहिलं जातं आणि निघताना हिशेब होतो.

आता दोन दारं. हा क्षण चुकवून चालत नाही. बायकांचं दालन योथांग, पुरुषांचं नामथांग. पुष्कळदा बायकांकडे लाल रंग आणि पुरुषांकडे निळा असतो, पण रंगावर विसंबू नका. कोरियन वाचता येत नसेल तर फक्त पहिलं अक्षर बघा. त्यात गोल असेल तर बायका. तळाशी चौकोन असेल तर पुरुष. दुसरं अक्षर 'थांग', ते दोन्हींकडे सारखंच आणि त्याच्याही तळाशी गोल असतो. त्यामुळे पाटीवर कुठेतरी गोल दिसला म्हणून बाई आत शिरली, असं करू नका.

मुलांबद्दल एक नियम ध्यानात ठेवा. चार वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला आईबरोबर योथांगमध्ये किंवा मुलीला वडिलांबरोबर नामथांगमध्ये नेता येत नाही. आणि १९ वर्षांखालच्या मुलांना पालक बरोबर नसताना रात्री दहा ते पहाटे पाच या वेळात चिमजिलबांगमध्ये थांबू देत नाहीत.

लॉकरच्या खोलीत मध्यभागी बहुधा एक लाकडी बैठक असते. त्यावर आज्या बसून गप्पा मारत असतात, कोपऱ्यात टीव्ही चालू असतो, वजनकाटा असतो. इथेच सगळे कपडे काढायचे. एकदम काढा. अर्धे काढून घुटमळणारा माणूस जास्त नजरेत भरतो. फोन लॉकरमध्ये गेला पाहिजे. 'नुसता वेळ बघत होते' हेसुद्धा चालत नाही. उघड्या माणसांमध्ये कॅमेरा असलेली वस्तू हातात धरणं हा तिथे गंभीर मामला आहे आणि पोलीस येऊ शकतात.

गोंदवलेलं असेल तर? जपानइतकी कडक बंदी इथे सर्रास नाही. मनगटावरच्या छोट्या नक्षीकडे कुणी बघत नाही. पाठभर चित्र असेल तर काही जागा नाही म्हणतात, तेव्हा काउंटरवर आधीच विचारलेलं बरं.

पहिली अंघोळ

काचेचं दार ढकललं की वाफ, पाण्याचा आवाज आणि प्लास्टिकच्या टमरेलांचा खडखडाट. कुंडांकडे बघूही नका. आधी भिंतीकडे जा. तिथे उभ्याने अंघोळीचे शॉवर असतात आणि बसून अंघोळीच्या जागा असतात, म्हणजे आरसा, नळ, बुटकं स्टूल आणि घमेल्याएवढं भांडं. बसायची पद्धत घ्या. बालपणी न्हाणीघरात पाटावर बसून अंघोळ केलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

स्टूल आणि भांडं दोन्ही पाण्याने खळखळून घ्या, मग बसा. एखाद्या जागी कुणाची छिद्रांची टोपली ठेवलेली दिसली तर ती जागा घेतलेली आहे, मालकीण कुंडात बसलेली असली तरी. डोक्यापासून पायापर्यंत साबण लावून धुवा आणि साबणाचा थेंबही न ठेवता अंग धुऊन काढा. शेजारणीवर पाणी उडणार नाही असं बघा. केस धुतलेत? आता ते वर बांधा. त्या आजींची आठवण ठेवा.

मासिक पाळी चालू असेल तर कुंडात उतरत नाहीत. मग तो दिवस वरच्या कोरड्या गरम खोल्यांसाठी ठेवा. तिथे सगळे कपडे घालूनच असतात.

कुंडं

भिंतीवर प्रत्येक कुंडाचं तापमान आकड्यांत झळकत असतं. ओनथांग म्हणजे कोमट-गरम, साधारण ३८ ते ४०. योलथांग म्हणजे कडक, ४२ च्या वर. नेंगथांग म्हणजे गार, २० च्या आसपास किंवा त्याहूनही खाली. आकडे छोटे वाटतात. आपण बादलीत हात घालून 'चांगलं कढत आहे' म्हणतो ते पाणी अंगावर तांब्याने पडतं, मध्ये हवा लागते. ४२ अंशांच्या पाण्यात गळ्यापर्यंत बसून राहणं ही वेगळी गोष्ट आहे.

ओनथांगपासून सुरुवात करा. आधी पाय, मग कमरेपर्यंत, मग खांद्यांपर्यंत. डोकं पाण्याखाली घालायचं नाही, टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, पोहायचं नाही. टॉवेलची घडी डोक्यावर ठेवून बसलेल्या बायका दिसतील, ती शोभा नाही, टॉवेल कोरडा ठेवायची सोय आहे. दहा मिनिटांनी बाहेर या, काठावर बसा, पाणी प्या. मग हवं तर योलथांग, पण दोन-तीन मिनिटंच. आणि त्यानंतर नेंगथांग. हिंमत करून एका दमात उतरलात तर पहिले काही क्षण श्वास अडकतो, मग अंगभर मुंग्या येतात आणि बाहेर आल्यावर डोकं इतकं स्वच्छ होतं की मला त्याच काठावर बसून एका रखडलेल्या कामाचं उत्तर सुचलं होतं.

हृदयविकार किंवा अनियंत्रित रक्तदाब असलेल्यांनी हा गरम-गारचा खेळ खेळू नये. गरोदरपणात कडक कुंड आणि गरम खोल्या दोन्ही टाळा. दारू पिऊन तर जाऊच नका. चक्कर आल्यासारखं वाटलं की उभे राहू नका, तिथेच फरशीवर बसा आणि हात वर करा. लोक धावत येतात.

सेशिन : म्हणजे मळ काढणं

इथवर जे झालं ती तयारी. खरा सोहळा आता आहे.

कोरियन भाषेत अंगावरच्या मेलेल्या कातडीच्या मळाला 'त्ते' म्हणतात. तो काढून देणं हा एक स्वतंत्र पेशा आहे. पूर्वी त्याला त्तेमिरी म्हणत, आता आदराने सेशिनसा म्हणतात. पुरुषांकडे पुरुष, बायकांकडे बायका. या बाईंना हाक मारायचा शब्द ऐकला आणि मी तिथेच हसले. 'इमो', म्हणजे चक्क मावशी, आईची बहीण. आपण कामाला येणाऱ्या बाईंना, दवाखान्यातल्या आयांना जसं मावशी म्हणतो, अगदी तसंच. आदराने 'इमोनिम' म्हणा, मावशी खूश होतात.

निदान वीस मिनिटं गरम पाण्यात भिजल्याशिवाय जाऊ नका. कातडी फुगून मऊ झाली पाहिजे. आणि भिजल्यानंतर पुन्हा साबण लावू नका, अंग बुळबुळीत झालं की मळ सुटत नाही. कोपऱ्यात प्लास्टिकचं आच्छादन घातलेले दोन-तीन पलंग दिसतील. भिंतीवर दरपत्रक असतं. साधं सेशिन बहुतेक ठिकाणी २५ ते ४० हजार वोनांच्या दरम्यान. तेल लावून मालीश, चेहऱ्याला काकडीचा लेप वगैरे घेतलं की आकडा भराभर चढतो. नुसतं घासून हवं असेल तर "सेशिनमान" म्हणा. 'मान' म्हणजे 'फक्त'. चावीचा क्रमांक दाखवा, नंबर आला की मावशी हाक मारतील.

मावशी काळ्या अंतर्वस्त्रांत असतात, दोन्ही हातांत खरखरीत पिशवीसारखा मोजा. हा मोजा म्हणजे 'इथेरी थाओल', इटलीचा टॉवेल. नाव इटलीचं, पण जन्म बुसानचा. १९६० च्या दशकात इटलीहून आणलेल्या खरखरीत व्हिस्कोस कापडापासून तो तिथे बनला आणि कापडाचं गाव नावाला चिकटलं. हिरव्या रंगाचा हा मोजा आज दुकानात हजारेक वोनांना मिळतो. मी सहा घेऊन आले आणि आता आमच्या घरातली वजरी कोपऱ्यात पडून असते.

पलंगावर उताणं झोपा. मावशी बादलीभर कोमट पाणी अंगावर ओततील आणि कामाला लागतील. हे मालीश नाही. ती सुतारकामाच्या जवळची गोष्ट आहे. मान, खांदे, काखा, पोट, मांड्या, पायांच्या बोटांमधल्या फटी, काही सुटत नाही. क्रम ठरलेला. उताणं, एक कूस, पालथं, दुसरी कूस. मांडीवर किंवा पाठीवर टाळी वाजली की वळायचं. भाषेची गरजच नाही.

मग बाजूला बघा. करड्या रंगाच्या वळ्या पडलेल्या असतात. कोरियन लोक त्याला नूडल्सची उपमा देतात, आपण शेवया म्हणू. दररोज दोन वेळा अंघोळ करणाऱ्या, दिवाळीला उटणं लावणाऱ्या घरातली मी, स्वतःच्या अंगातून निघालेलं ते बघून ओशाळले. मावशींनी मात्र तो ढीग मला अभिमानाने दाखवला, शेतातला माल दाखवावा तसा.

दुखलं तर "आफायो" म्हणा, म्हणजे दुखतंय. "साल्साल हेजुसेयो" म्हणजे जरा हळू. दोन्ही सांगायला लाजू नका, मावशी जोर कमी करतात, जरा हसून. उन्हाने भाजलेली कातडी, इसब, ताजी जखम, वॅक्सिंग केलेले पाय असतील तर सेशिन घेऊच नका. अर्ध्या तासात सगळं उरकतं. शेवटी अंग धुऊन देतात. पैसे बाहेर आल्यावर लॉकरमधून काढून द्यायचे. वर बक्षिसी द्यायची पद्धत नाही.

महिनाभर पुन्हा असं घासायचं नाही, एवढं पथ्य पाळा. मोजा हातात आला की रोज घासावंसं वाटतं आणि मग कातडी लाल होऊन आग होते.

वरचा मजला

चिमजिलबांग असेल तर अंग कोरडं करून तो सुती पोशाख घाला आणि वर जा. चार-सहा खोल्या असतात. ह्वांगथो म्हणजे पिवळ्या मातीची, मिठाची, गारेगार बर्फाची, आणि बुलगामा, म्हणजे भट्टी. बुलगामात पहिल्या दिवशी पाच मिनिटंही पुष्कळ. छोटं दार वाकून उघडा आणि लगेच मागे लावून घ्या, उघडं राहिलं तर आतल्या लोकांची उष्णता निघून जाते आणि आतून आवाज येतो. टॉवेलच्या दोन्ही टोकांना वळ्या देऊन मेंढीच्या शिंगांसारखी टोपी करून घालतात, तिला यांगमोरी म्हणतात. तरुण मंडळी ती फोटोसाठी घालतात. या मजल्यावर फोन चालतो.

खाण्याचं म्हणाल तर शिखे हवीच. तांदूळ आणि बार्लीच्या सत्त्वाचं गोड गार पेय, तळाशी भाताची शितं. शाकाहारी माणसाला ही निर्धास्त पिता येते. सोबत भट्टीत भाजून तपकिरी झालेली अंडी. शाकाहाऱ्यांनी मियोकगुक या समुद्री शेवाळाच्या सूपपासून सावध राहावं, त्यात बहुधा गोमांस किंवा शिंपले असतात. पाकिटातल्या नूडल्सच्या मसाल्यातही मांसाचा अर्क असतो. पोटभर जेवून आलात तर सगळंच सोपं. पण भरल्या पोटी लगेच कुंडात उतरू नका.

निघताना

परत खाली, एक झटपट शॉवर, आणि स्नानगृहाच्या दाराच्या आतच अंग पुसून घ्या. ओल्या अंगाने लॉकरच्या खोलीत पाणी सांडत जाणं हा केसांनंतरचा दुसरा मोठा गुन्हा. वापरलेले टॉवेल टोपल्यात टाका. लोशन भरपूर लावा, नव्या कातडीला त्याची गरज असते. केस वाळवायला यंत्र असतं, काही ठिकाणी त्यात शंभर वोनांचं नाणं टाकावं लागतं. हिवाळ्यात बुसानमध्येसुद्धा ओले केस घेऊन रस्त्यावर येऊ नका, समुद्राचा वारा सरळ हाडांत जातो.

लॉकरच्या खोलीतल्या छोट्या फ्रिजमध्ये बुटक्या, ढेरपोट्या बाटलीतलं केळ्याचं दूध असतं. कोरियन मुलांना अंघोळ नीट करू दिल्याबद्दल आई ते घेऊन द्यायची. मी बाकावर बसून एक पीत होते तेव्हा त्याच केसवाल्या आजी शेजारी येऊन बसल्या. माझ्या दंडावर बोट घासून बघितलं, मऊ लागतंय याची खात्री केली, मान डोलावली आणि पायात मोजे चढवायला लागल्या.